रेस, जेंडर आणि ‘लग्न ठरलंय का’

या आठवड्याचं पत्र खानापूर तालुक्यातनं आलंय. थोडं कापून देते.

“आक्का, माझं मागच्या वर्षी बेळगावात इंजिनिअरिंग झालं, कॉम्प्युटर सायन्स. सध्या दोन ठिकाणी अर्ज करायलेय. एक अमेरिकन कंपनी, पोस्टिंग बेंगळुरूला. त्यांच्या ऑनलाईन फॉर्मच्या शेवटी रेस म्हणजे वंश विचारलाय, जेंडर विचारलंय, सैन्यात होता का, अपंगत्व आहे का तेही विचारलंय. रेसमध्ये ‘अमेरिकन इंडियन’ दिसलं म्हणून टिक केली, मग भीती वाटली आणि सबमिट न करता लॅपटॉप बंद केला. आई कन्नड, बाबा मराठी, तर ‘टू ऑर मोअर रेसेस’ लिहायचं का? टेलिग्राम ग्रुपवर म्हणायलेत की एशियन लिहिलं की रिजेक्ट, आणि मुलगी लिहिलं की डायव्हर्सिटीत लगेच घेतात. दुसरा अर्ज उद्यमबागेतल्या एका कारखान्यात, आयटी असिस्टंटचा. त्यांचा कागदी फॉर्म आहे, त्यात जात, धर्म, मातृभाषा, लग्न झालंय का, नसल्यास ठरलंय का असं आहे, पण ते नेहमीचंच, ते मी भरून ठेवलंय, उद्या देणार. पहिल्याचं काय करू तेवढं सांगा. आणि पत्त्यात बेळगाव लिहू की बेळगावी?”

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ‘ते नेहमीचंच’ या शब्दांपाशी थांबले. त्याच्यावर बोलायचंय, आणि तो कारखान्याचा फॉर्म उद्या नेऊन देऊ नको, दोन दिवस थांब. पण आधी तू विचारलंस त्याचं उत्तर.

‘अमेरिकन इंडियन’ म्हणजे आपण नाही. कोलंबस १४९२ मध्ये तिकडं पोचला आणि त्याला वाटलं आपण इंडियालाच आलो, म्हणून तिथल्या मूळच्या लोकांना तो इंडियन म्हणाला, आणि ते नाव पाचशे वर्षं त्यांना चिकटून राहिलं. तो रकाना त्यांचा आहे, त्या जमातींचा आणि अलास्कातल्या मूळ लोकांचा. तुझी टिक ‘एशियन’वर. बऱ्याच फॉर्मवर त्या शब्दाच्या खाली किंवा बाजूला बारीक अक्षरात खुलासा असतो, त्यात इंडियन सबकॉन्टिनेंट असं स्पष्ट लिहिलेलं असतं, चीन, जपान, पाकिस्तान, भारत सगळे एकाच डब्यात. आपल्याला चमत्कारिक वाटतं, पण त्यांची मोजायची पद्धत ती आहे. त्याच्या आधी ‘हिस्पॅनिक ऑर लॅटिनो’, म्हणजे मेक्सिको, दक्षिण अमेरिका अशा भागांतल्या मुळाची, आहेस का असा वेगळा प्रश्न असला तर तिथं ‘नो’.

आणि ‘टू ऑर मोअर रेसेस’ पण नाही गं. तुझ्या घरात दोन भाषा आहेत, दोन रेस नाहीत. एका आजीकडं गेलीस की ‘ऊट आयता’ आणि दुसरीकडं गेलीस की ‘जेवलीस का’, ही आपल्या सीमाभागातल्या किती घरांची गोष्ट आहे, खानापूर, निपाणी, चिक्कोडी कुठंही जा. अमेरिकेच्या फॉर्मला त्यातलं काही कळत नाही, त्याच्या लेखी तुझे आई-बाबा दोघं एशियनच.

आता ते विचारतात कशाला. तिकडं १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, त्यातल्या टायटल सेव्हन नावाच्या भागात लिहिलंय की वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यावरून नोकरीत भेदभाव करायचा नाही. आता भेदभाव होतोय की नाही हे नुसतं साहेबाच्या तोंडाकडं बघून कळत नाही ना, मोजावं लागतं. म्हणून शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपन्यांना दरवर्षी समान संधी आयोगाला तक्ता द्यावा लागतो, कुठल्या हुद्द्यावर कुठल्या रेसचे किती, बायका किती, पुरुष किती. आणि अर्ज करणाऱ्यांचं पण मोजून ठेवलं की बघता येतं की शंभर काळ्या लोकांनी अर्ज केला आणि एकही आत गेला नाही तर गडबड कुठं झाली. म्हणजे प्रश्न मोजण्यासाठी आहे. म्हणूनच तो फॉर्मच्या शेवटी असतो, वेगळ्या पानावर असतो, वर ‘व्हॉलंटरी’ लिहिलेलं असतं, आणि तुझी मुलाखत घेणाऱ्या माणसासमोर तो भाग जाऊ नये असा संकेत आहे. कागदाच्या जमान्यात तर ते पान फाडून वेगळं ठेवता येईल असंच छापायचे. आणि सगळ्यात खाली ‘मला उत्तर द्यायचं नाही’ हा पर्याय असतो, तो निवडला म्हणून अर्ज बाद करता येत नाही.

त्यात तुझी पोस्टिंग बेंगळुरूची. आयोगाचा तो तक्ता अमेरिकेत काम करणाऱ्यांपुरता आहे, बेंगळुरूतले लोक त्यात धरत नाहीत. तो कायदा पण अमेरिकेबाहेर फक्त त्यांच्या नागरिकांना लागू होतो, तुला नाही. मग तुला विचारलं का, तर बहुतेक जगभर एकच पोर्टल चालवतात, तेच पान सगळ्यांना दिसतं. टेलिग्रामवरच्या पोरांना एवढं सांग की ज्या तक्त्यात आपली मोजणीच नाही त्यानं आपण रिजेक्ट कसे होणार. आणि मुलगी लिहिलं की लगेच घेतात हे पण खरं नाही. काही कंपन्या बायकांची संख्या वाढवायला बघतात, म्हणून कॉलेजांत जास्त फिरतात, जाहिराती तशा करतात, हे होतं, पण कोडिंगची टेस्ट तुलाच द्यावी लागणार आहे. उलट २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पनी १९६५ चा राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या वेळचा एक आदेश रद्द केला, सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना त्याच्यामुळं रेस आणि जेंडरचा हिशोब ठेवून भरतीचे प्लॅन करावे लागायचे. त्यानंतर काही कंपन्यांनी हे प्रश्न काढले, काहींनी ठेवले. १९६४ चा कायदा मात्र आहे तसाच आहे.

मी तुझ्या जागी असते तर ‘एशियन’ आणि ‘फिमेल’ सरळ लिहिलं असतं, कारण खानापूरच्या एका मुलीनं अर्ज केला होता हे कुठल्यातरी कागदावर मोजलं गेलेलं मला आवडेल. तुला नको वाटलं तर ‘उत्तर द्यायचं नाही’ कर, त्यात काही चोरी नाही. फक्त खोटं लिहू नको, जेंडर तर आधारवर असतंच, पुढं व्हेरिफिकेशनला जुळलं नाही की उगाच खुलासे करत बसावं लागतं. सैन्याचा प्रश्न अमेरिकेच्या माजी सैनिकांचा आहे, तिथं ‘नाही’. बेळगाव म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचं गाव, तुझे काका-मामा फौजेत असतील, पण प्रश्न तुझ्यापुरता आहे. अपंगत्वाचं आपल्या तब्येतीप्रमाणे लिही, आणि खरंच काही त्रास असला तर लपवू नको, परीक्षेला जास्त वेळ किंवा वेगळी सोय मागता येते.

तर अमेरिकन फॉर्म संपला. आता तो कारखान्याचा.

तू लिहिलंस ‘नेहमीचंच’. मला माहितीय का लिहिलंस, आपल्याकडं सगळ्यांना ते नेहमीचंच वाटतं. रेस विचारली की आपण दचकतो कारण शब्द परका आहे, आणि जात, लग्न विचारलं की पेन आपोआप चालतं. पण तुझ्या नोकरीला धोका कुठल्या कागदापासून आहे ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते.

नव्वदच्या दशकात मी एका फौंड्रीच्या ऑफिसात लागले, तेवीस वर्षांची होते, टायपिंग आणि फायलिंग. एकदा ड्रॉइंग सेक्शनला माणूस पाहिजे होता, तीसेक अर्ज आले, त्यात सहा-सात मुलींचे. साहेबांकडं लाल-निळी पेन्सिल असायची, एका टोकाला लाल, एका टोकाला निळी. मी समोर उभी राहून एकेक अर्ज देत होते. पोरांच्या अर्जाला ते मार्कशीट बघायचे, पान उलटायचे, कुठं काम केलंय वाचायचे. मुलीचा अर्ज आला की नजर सरळ एका ओळीवर, विवाहित का अविवाहित. विवाहित असली की लाल फुली. अविवाहित असून वय चोवीस-पंचवीस असलं की मला विचारायचे, ‘हिचं ठरलंय काय गं, तुमच्या गल्लीतली दिसतीया’. शहापूरची एक मुलगी होती, डिप्लोमा फर्स्ट क्लास, मार्कशीट टाचणीनं मागं लावलेली. ती टाचणी हललीसुद्धा नाही. पान न उलटताच लाल फुली पडली आणि मी माझ्या हातानं तो अर्ज नामंजूरच्या फायलीत लावला. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, माझी स्वतःची नोकरी नवी होती. मला घेताना पण हेच विचारलं होतं आणि मी ‘दोन वर्षं तरी लग्न नाही’ असं कबूल करून बसले होते. ती टाचणी मला अजून दिसते.

आता तुला दोन्हीतला फरक कळला असेल. अमेरिकन फॉर्मवरचा प्रश्न वेगळ्या पानावर आहे, ऐच्छिक आहे, निवड करणाऱ्याच्या हातात जाऊ नये अशी त्याची रचना आहे. कारखान्याच्या फॉर्मवर ‘लग्न ठरलंय का’ हे पहिल्याच पानावर, तुझ्या मार्कांच्या वर, आणि निवड करणाराच ते वाचणार आहे.

कारण काय तर बाळंतपणाची रजा, स्पष्टच बोलूया. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २०१७ मध्ये सुधारला आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं पहिल्या दोन बाळांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा झाली. मालकाला वाटतं हा पगार माझ्या खिशातनं जाणार. पण बरेच मालक हे पण विसरतात की ज्याचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्याला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागतं, आणि ईएसआयमध्ये असलेल्या बाईला बाळंतपणातले पैसे ईएसआय देतं, कारखाना नाही. आयटी असिस्टंटला सुरुवातीला त्याच्या आतलाच पगार धरतील असा माझा अंदाज. म्हणजे ज्या खर्चाला घाबरून तुला वगळणार तो खर्च त्यांचा नाहीच. हे मी पुढं पर्सनलमध्ये, म्हणजे भरतीच्या खात्यात, असताना एका मालकाला कॅल्क्युलेटर घेऊन दाखवलं होतं, ते गप्प बसले आणि त्या वर्षी दोन मुली घेतल्या.

कायदा आपल्या बाजूचा आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यातच लिहिलं होतं की एकाच प्रकारच्या कामाला भरती करताना बाई म्हणून डावलायचं नाही, आणि तीच गोष्ट २०१९ च्या वेतन संहितेत घातलीय. आणि एक निकाल लक्षात ठेव, नीरा माथूर विरुद्ध एलआयसी, सुप्रीम कोर्ट, १९९१. एलआयसीच्या नोकरीच्या डिक्लरेशनमध्ये तेव्हा बायकांना मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची पाळी कधी, गरोदर आहे का, किती वेळा राहिली असं सगळं विचारायचे. त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मग पाळीची तारीख खोटी दिली म्हणून त्यांना प्रोबेशनमध्येच काढलं. कोर्टानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि सांगितलं की हे रकाने लाज आणणारे आहेत, फॉर्ममधनं काढून टाका. म्हणजे छापलेला रकाना पण चुकीचा असू शकतो, तो छापलाय म्हणून भरलाच पाहिजे असं नाही.

जातीचं वेगळं सांगते, यात घोळ करू नको. राज्य सरकारच्या भरतीत जात लिहायचीच, मागासवर्गीयांतला प्रवर्ग १, २ए, २बी, ३ए, ३बी जो असेल तो, नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल ऑफिसातनं, काढलेल्या दाखल्यावरचा आरडी नंबर बघून लिही, तो तुझा हक्क आहे आणि तिथं न लिहिणं म्हणजे स्वतःचं नुकसान. पण खाजगी कारखान्यात आरक्षण नाही, मग निवडीच्या आधी जात कशाला पाहिजे? २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक अभ्यास छापला होता, पेपरातल्या खाजगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, नुसती नावं बदलली, काही उच्च जातीची, काही दलित, काही मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. तिथं जातीचा रकाना पण नव्हता, नुसतं नाव होतं. आपल्या भागात तर आडनाव सांगितलं की समोरच्याला जात, भाषा, गाव सगळं कळतं, ‘कुठले तुम्ही’ हा दुसरा प्रश्न असतो. वर आणि रकाना कशाला भरून द्यायचा त्यांना.

आता तू काय करायचं. फॉर्म अजून दिला नाहीस, चांगलं झालं, गेटवर जाऊन नवीन कोरा माग, खाडाखोड करून देऊ नको. शिक्षण, मार्क, प्रोजेक्ट, पत्ता, फोन नीट भर. जात, धर्म, लग्न, ठरलंय का या रकान्यांत एक आडवी रेघ मार आणि बाजूला लहान अक्षरात लिही, ‘नियुक्तीनंतर देईन’. हे भांडण नाही, कारण नोकरीवर घेतल्यावर पीएफ आणि ईएसआयच्या नॉमिनेशनला लग्नाची, घरच्यांची माहिती लागतेच, तेव्हा द्यायला काहीच हरकत नाही. मुलाखतीत तोंडी विचारलं तर हसत पण नीट सांग, ‘सर, पीएफच्या फॉर्मच्या वेळी सगळं देते, आत्ता कामाचं विचारा’. आरशासमोर दोनदा म्हणून बघ, पहिल्यांदा जीभ अडखळते.

आणि घरची परिस्थिती अशी असेल की ही नोकरी लागलीच पाहिजे, रेघ मारायचा धोका घेता येत नाही, तर भर. त्यात तुझी चूक नाही, कुणी तुला बोलायचं कारण नाही. मी पण भरलं होतं. फक्त भरलेल्या फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून ठेव, तारखेसकट. उद्या ‘लग्न ठरलंय म्हणून नको’ असं कुणी बोललं तर हातात कागद पाहिजे.

जेंडरच्या रकान्याचं अजून थोडं, कारण हा सल्ला तुझ्यासारख्या बऱ्याच जणी आणि जण वाचतात. आपल्याकडच्या कागदी फॉर्मवर अजून पु. आणि स्त्री एवढंच छापतात. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये तृतीयपंथी लोकांची ओळख मान्य केली, २०१९ चा कायदा सांगतो की कुठल्याच आस्थापनेत त्यांच्याशी नोकरीच्या बाबतीत भेदभाव करायचा नाही, आणि कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत त्यांना १ टक्का आरक्षण दिलं, असं करणारं पहिलं राज्य आपलं. तरी फॉर्मवर जागा नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी हातानं तिसरा चौकोन काढून टिक करा, मी पर्सनलमध्ये असताना असा एक अर्ज आला होता आणि मी तो तसाच पुढं पाठवला होता.

मातृभाषा. तू विचारलं नाहीस पण फॉर्मवर आहे, आणि आपल्या भागात या रकान्याला वजन आहे हे आपल्या दोघींना माहितीय. मराठी लिहायला बिचकू नको. पण त्याच्या खाली ‘येणाऱ्या भाषा’ असतं तिथं कन्नड लिही, वाचता, बोलता, लिहिता येतं असं तिन्ही लिही, आईची भाषा आहे तुझी. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं खाजगी कंपन्यांत स्थानिकांना राखीव जागांचं बिल मंजूर केलं होतं, त्यात स्थानिक ठरायला बाकीच्या अटींबरोबर कन्नड लिहिता-वाचता-बोलता यायला पाहिजे, आणि दहावीला कन्नड नसेल तर परीक्षा द्यायची असं होतं. कंपन्यांनी ओरड केली आणि बिल थांबवलं. आपल्या मराठी मीडियमच्या पोरांनी ते ऐकून धसका घेतला होता. तुला तर काहीच अडचण नाही, सरकारी नोकरीला गेलीस तरी कन्नडचा पेपर लागणारच, तो तू सहज काढशील.

राहिलं पत्त्याचं. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, घरात आपण बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहू. फॉर्मवर मात्र तुझ्या आधारवर जे स्पेलिंग आहे तेच लिही, आणि मार्कशीटवर जुनं असेल तर ते मार्कशीटवर तसंच राहू दे, मॅच होत नाही म्हणून व्हेरिफिकेशनवाला फोन करतो तेव्हा ‘गाव एकच आहे, नाव बदललंय’ एवढं सांगितलं की पुरतं. अमेरिकन फॉर्म मात्र आज रात्रीच सबमिट कर, एशियनवर टिक आहे ना ते एकदा बघून.